उसन्या विटांची भट्टी

कर्जतला लागून असलेल्या भिसेगावात धाकलू ठोंबऱ्याचं घर विचारलं तर कुणी गल्ली किंवा घरनंबर सांगत नाही. ‘‘ते धुराडं दिसतंय ना, त्याच्या बुडाशी,’’ असं सांगतात. धुराडं पत्र्याचं आहे, दोन ठिकाणी वाकलेलं, आणि घराच्या मानाने जरा जास्तच उंच. नवखा माणूस एखाद्या कारखान्याच्या अपेक्षेने येतो आणि पेरूच्या झाडाखाली आडव्या टाकलेल्या एका ड्रमापाशी पोचतो.

त्या ड्रमाला घरात तीन नावं आहेत. धाकलू त्याला भट्टी म्हणतो, त्याची बायको जयवंता बंब म्हणते, आणि शेजारी राहणारा पुतण्या प्रवीण, काका ऐकत नसेल तेव्हा, इंजिन म्हणतो. तिन्ही नावं खरी आहेत. ड्रम तेलाचा, जाड पत्र्याचा. जाळ त्याच्या पोटात करायचा. पाठीवर तांब्याचा हंडा बसवलेला, त्यात आंघोळीचं पाणी तापतं. धूर मागच्या पाइपात शिरतो, पण थेट वर जात नाही. आधी भिंतीतून आतल्या खोलीत एक वळसा घेतो आणि मग धुराड्यातून बाहेर पडतो, त्यामुळे थंडीत ती खोली उबदार राहते. माथेरानच्या बाजूने वारा सुटला की जयवंताचे गुडघे धरतात. तो वळसा तिच्या गुडघ्यांसाठी आहे. पुढे दार आहे, त्यातून वांगी, रताळी, पापड भाजून निघतात. ‘‘एका लाकडात तीन कामं,’’ हे धाकलूचं आवडतं वाक्य.

‘‘आनि तिन्ही अर्धीच,’’ हे जयवंताचं.

धाकलू मूळचा खालापूरकडच्या एका लहान गावातला. पाच भावांत शेवटचा, म्हणून धाकलू. थोरल्या चौघांनी शेती धरली. याच्या वाटणीला फक्त बांध उरला असता, असं तो हसत सांगतो. तो रेल्वेत खलाशी म्हणून लागला आणि कर्जत यार्डातून पॉइंट्समन म्हणून निवृत्त झाला. मधली सगळी वर्षं एकाच कामात गेली म्हटलं तरी चालेल. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबली की प्रवासी वडापावाकडे धावतात. तेवढ्यात गाडीच्या शेपटाला जादा इंजिनं लागतात. घाटाचा चढ पुढच्या एकट्या इंजिनाला झेपत नाही, म्हणून ही मागून ढकलतात. त्यांना बँकर म्हणायचं. लोणावळ्याला चढ संपला की ती सुटतात आणि परत खाली येतात. धाकलूने आयुष्यभर बँकर जोडले. जोडणी बसली की नाही हे तो नुसत्या खटक्यावरून सांगायचा. गाडीतल्या माणसांना हे काम कधी दिसलं नाही, कारण ती सगळी वड्याकडे बघत होती. याचं त्याला वाईट वाटलेलं नाही. ‘‘वडा चांगलाच असतो,’’ तो म्हणतो.

निवृत्त झाल्यावर त्याने घरातल्या वस्तू सुधारायला घेतल्या. पंख्याची जुनी मोटर लावून भात पाखडायचं यंत्र केलं. कोंडा जागेवर राहिला आणि भात प्रवीणच्या अंगणात गेला. मोरीचा नळ पायाने चालू होईल असा केला. तो चालू व्हायचा, बंद करायला मात्र वाकून हातच लावावा लागायचा. पाळण्याला, पाटाला, कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला, सगळ्याला काही ना काही जोडून झालं. जयवंताचं म्हणणं एकच होतं: यांनी सुधारलेली वस्तू परत पहिल्यासारखी होत नाही. त्या सगळ्या खटाटोपात तगून राहिलेली एकमेव वस्तू म्हणजे हा ड्रम. त्यामुळे जयवंता त्याला नावं ठेवत असली तरी त्याच्या वाटेला कुणाला जाऊ देत नसे. धाकलूलाही.

संध्याकाळी ड्रमापाशी दोन खुर्च्या पडतात. दुसरी सुलेमानची.

सुलेमानची बेकरी स्टेशनाजवळच्या गल्लीत होती. वडिलांनी घातलेली, विटांच्या, एखाद्या खोलीएवढ्या भट्टीची. रात्रपाळी संपवून धाकलू पहाटे तिच्या दाराशी उभा राहायचा आणि गरम पाव नुसताच खायचा. मैत्री तिथली. पुढे जागामालकाने इमारत पाडून नवी बांधायला काढली, भट्टी इमारतीबरोबर गेली. सुलेमानचा मुलगा मुझम्मिल याने नव्या इमारतीत मोबाइलचं दुकान घेतलं. ते बरं चाललं आहे. सुलेमान तिथे दोनदा बसला. दोन्ही वेळा गिऱ्हाइकाला ‘‘कशाला नवा घेतोस, हा चालतोय की,’’ असं म्हणाला. त्यानंतर मुझम्मिलने अब्बांना घरी आराम करायची विनंती केली.

मुझम्मिलच्या मुलाचं, अदनानचं लग्न जानेवारीत करायचं ठरलं. मुलगी म्हसळ्याची, अफरीन. निकाह तिकडे, वलीमा, म्हणजे मुलाकडची मेजवानी, कर्जतला, दहिवलीच्या हॉलमध्ये. सुलेमान हे सगळं सांगत होता, पण उत्साहाने नव्हे.

‘‘काय रं, तोंड कशाला पाडलंस? नातवाचं लगीन हाय,’’ धाकलू म्हणाला.

‘‘पाव बाजारचा येनार हाय.’’

धाकलूला कळायला क्षणभर लागला. सुलेमानच्या घरात एक रीत होती. त्यांच्याच घरातली, बाकी बिरादरीत कुणाकडे नव्हती. वलीम्याला सुनेच्या बापापुढे पावाची पहिली लादी घरच्या भट्टीची ठेवायची आणि ती घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतः मोडून द्यायची. म्हणजे तुमची मुलगी ज्या घरात आली तिथे ती उपाशी राहणार नाही, एवढं न बोलता सांगून व्हायचं. सुलेमानच्या वेळी वडिलांनी मोडली, मुझम्मिलच्या वेळी सुलेमानने. आता सुलेमान होता, भट्टी नव्हती.

‘‘दुसऱ्याच्या भट्टीतला पाव मोडून काय सांगू व्याह्याला? इकत घेऊन खायला घालीन म्हनून?’’

‘‘मंग माझी भट्टी काय मेली हाय?’’ धाकलू म्हणाला.

सुलेमानने ड्रमाकडे पाहिलं. ‘‘ह्यो? हा डबा हाय, धाकल्या. पापड भाज.’’

‘‘पापड भाजतो तो पाव बी भाजंल. पह्यली लादीच काय, सगळ्या पंगतीला काढून देतो.’’

शब्द गेला तो गेला. सुलेमानने घरी जाऊन तो सहज बोलून दाखवला. त्याची बायको अमिरुन्निसा हिने दुसऱ्या दिवशी व्याह्यांना फोनवर सांगून टाकलं की पाव आमच्या यांच्या हातचाच असणार. मुझम्मिल व्यवहारी माणूस. त्याने काही न बोलता बाजारातही पावाची ऑर्डर देऊन ठेवली. पण म्हसळ्याला निरोप गेला होता. आता पाव झाला नाही तर सुलेमानला भर वलीम्यात व्याह्यापुढे रिकाम्या हाताने बसावं लागणार होतं, आणि तेही धाकलूच्या जिभेमुळे.

पहिली चाचणी दोघांनीच घेतली. सुलेमानने मैदा मळला, फुगवला, एका ट्रेमध्ये लादी लावली. धाकलूने जाळ केला, निखारे बाजूला सारले, ट्रे आत गेला. बाहेर आला तेव्हा पाव खालून कोळसा होता आणि वरून पांढराफटक.

‘‘काय म्हनलो व्हतो?’’ सुलेमान खुर्चीत बसला. ‘‘जाळ हाय तवर तापतो, जाळ काढला की गार. आमच्या भट्टीला दोन हात जाड विटा व्हत्या. त्या उष्णता पीत बसायच्या, आनि जाळ काढला की हलूहलू सोडायच्या. भट्टीला आठवन लागते रं. तुझा पत्रा पाठ फिरवली की इसरतो.’’

‘‘मंग विटा लावू.’’

मागे जयवंता उभी होती. ‘‘कशाला लावू?’’

‘‘बंबाला.’’

‘‘माझ्या बंबाला विटा नाय लावायच्या. एवढ्या विटा तापवायच्या तर रोज सकाळी गाडीभर लाकूड लागंल, आनि पानी तापंस्तोवर दुपार होईल. मी न्हाऊ कधी?’’

मुद्दा बिनतोड होता. आंघोळीच्या पाण्याला पातळ पत्राच बरा, काटक्यांत तापतो. पावाला जाड भिंत हवी. एकाच ड्रमाकडून दोन्ही मागणं म्हणजे लोकलने मालगाडीचं काम करावं असं झालं. धाकलू रात्रभर कूस बदलत राहिला आणि सकाळी चहाच्या वेळी उजळलेल्या चेहऱ्याने बाहेर आला.

‘‘अगं, बँकर!’’

‘‘काय बँकर?’’

‘‘घाटापुरता लावायचा, चढ संपला की सोडायचा. गाडीला कायमचा चिकटवतो का आपन? तशाच विटा. सिमिट नाय, माती नाय, नुसत्या रचायच्या. वलीमा झाला की काढायच्या. बंब तुझा तुला.’’

जयवंताने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. ‘‘सुटतील ना नक्की?’’

‘‘आजवर एक बँकर लोनावल्याच्या पुढं गेलेला नाय.’’

तिने हंडा उतरवून दिला. तेवढे दिवस पाणी गॅसवर.

विटा प्रवीणकडून आल्या. तो मागच्या बाजूला एक खोली काढत होता. काकाला नाही म्हणण्यापेक्षा विटा देणं सोपं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं. ‘‘परत पायजेत पन काका,’’ एवढंच तो म्हणाला. जे त्याने सांगितलं नाही, कारण त्याच्या ध्यानातच आलं नाही, ते हे की गवंड्याने बांधकामासाठी त्या विटा आदल्या दिवशी पाण्यात भिजवून काढल्या होत्या. वरून कोरड्या दिसत होत्या. जाळ लागला तसा ड्रम फुसफुसू लागला, दारातून वाफ येऊ लागली, आणि एक वीट अशी फटकन फुटली की शेजारच्या कोंबड्या ओरडत पेरूवर जाऊन बसल्या.

‘‘तुमचा बँकर रडतोय,’’ जयवंता आतून म्हणाली.

मग विटा उन्हात वाळवल्या, बारीक जाळावर आणखी वाळवल्या. पुन्हा रचल्या. या वेळी रचना धाकलूने एकट्याने केली आणि सुलेमान यायच्या आत दार लावून टाकलं, म्हणजे त्याला एकदम निकालच दिसेल. निकाल असा दिसला: ट्रेच्या मागच्या टोकाचे पाव जळून काळे, पुढच्या टोकाचे कच्चे, आणि मध्ये एक ओळ, जिच्याबद्दल मतभेद होऊ शकला असता.

सुलेमान वाकला, आत डोकावला. सगळ्या विटा ड्रमाच्या मागच्या भिंतीला टेकवून, एकीवर एक, छपरापर्यंत रचलेल्या.

‘‘ह्या सगल्या मागं कशा रं?’’

‘‘बँकर मागंच लागतो,’’ धाकलू म्हणाला.

सुलेमान हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, आणि जयवंताला पाणी आणावं लागलं. ‘‘अरे येड्या, गाडीला ढकलायचं असतं म्हनून मागं! पावाला कुठं लोनावल्याला जायचंय?’’

पुढची दुपार सुलेमानच्या हाताखाली गेली. ड्रमाच्या तळाला विटांची फरशी, दोन्ही अंगांना उभ्या विटा, एक थर मागे. छताला आतून विटा चिकटणार नव्हत्या, म्हणून जिथे हंडा बसायचा तिथे, ड्रमाच्या पाठीवर, बाहेरून एक थर. त्यावर राखेचं जाड पांघरूण. जाळ फरशीवरच करायचा, चांगला पेटवायचा, मग सगळे निखारे ओढून काढायचे आणि दार लावून थोडं थांबायचं. हे थांबणं धाकलूला जड गेलं.

‘‘कशाला थांबायचं? गार होतंय की.’’

‘‘इटेचं वरचं अंग लई तापलंय, आतलं कमी. दोगांना सारखं होऊ दे. तू पेटलेल्या मानसाशी येवहार करतोस का? जरा शांत झाल्यावर करतोस ना?’’

मग सुलेमानने चिमूटभर मैदा फरशीवर टाकला. तो लगेच काळा पडला. थोड्या वेळाने पुन्हा टाकला. सावकाश तांबूस झाला. ‘‘आता,’’ तो म्हणाला. ओल्या पोत्याने फरशी पुसली, ट्रे गेला, दाराच्या फटींना कणीक लावली. बाहेर आलेली लादी सुलेमानने उलटी केली, बुडावर टिचकी मारली, कान लावला. मोडली मात्र नाही. ती त्याने कोंबड्यांपुढे टाकली.

‘‘अरं, चव तर बघ!’’

‘‘पह्यला घास व्याह्याचा. त्याच्या आधी कुनी तोंड लावायचं नाय. पन झालाय.’’

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण वलीम्याच्या आदल्या संध्याकाळी सुलेमान घरी गेल्यावर धाकलू ड्रमापुढे एकटा बसला आणि हिशोब करू लागला. चाचणी एका ट्रेची होती. उद्या चार घाणे काढायचे. पहिल्याला उष्णता पुरेल, दुसऱ्याला पुरेल. पण थंड मैद्याचे ट्रे एकामागून एक आत गेल्यावर तिसऱ्या-चौथ्याला विटांत काय उरणार? विचार बरोबर होता. जड गाडीला घाटात जादा बँकर लागतात, हाही विचार बरोबर होता. त्याने प्रवीणच्या ढिगातून आणखी विटा आणल्या, या वेळी कोरड्या बघून. दोन्ही अंगांना दुहेरी भिंत केली, पाठीवर आणखी दोन थर चढवले, आणि समाधानाने झोपला.

सकाळी फटफटताच सुलेमान आला, मागून मुझम्मिलच्या टेंपोतून ट्रे आणि मैदा. घरात लग्नाची पाहुणेमंडळी आणि आजोबा इथे बनियनवर, कोपरापर्यंत मैद्यात. वाढलेल्या विटा त्याने पाहिल्या आणि भुवया वर केल्या. धाकलूने हिशोब सांगितला. सुलेमानला तो खोडता आला नाही. त्याने आयुष्यभर भट्टी तापलेलीच पाहिली होती, रिकाम्या थंड भट्टीला तापवायची वेळ त्याच्यावर वर्षातून एखाद्या वेळीच यायची. जाळ पेटला. पडवीत मैदा मळून झाला, गोळे झाले, ट्रे लागले, आणि फुगायला म्हणून ड्रमाच्या उबेला ठेवले.

ऊन पेरूवर आलं. सुलेमानने चिमूट टाकली. मैदा पांढराच राहिला.

‘‘लाकूड घाल.’’

धाकलूने घातलं. ऐनाचं, वाळलेलं, धडधडून पेटलं. पुन्हा चिमूट. पांढरा.

मैदा मात्र थांबायला तयार नव्हता. गोळे एकमेकांना टेकले, मग चढले, मग ट्रेच्या काठावरून बाहेर बघू लागले. फुगून उतरला की मैद्याचा पाव होत नाही. आंबूस चपटी वडी होते.

सुलेमानचा फोन वाजला. मुझम्मिल होता. ‘‘अब्बा, म्हसल्याचे पाहुने पनवेल सोडून पुढं आले. तुमी हाव कुठं? अम्मी तुमची शेरवानी धरून उबी हाय.’’

‘‘येतोय.’’

‘‘पाव झाला?’’

‘‘येतोय म्हनलो ना!’’ सुलेमानने फोन ठेवला आणि धाकलूकडे वळला. ‘‘तापत का नाय रं ही?’’

‘‘तापंल. एवढ्या विटा हायत, जोर लागंलच की.’’

‘‘विटांचा कसला जोर? विटा पेटतात का? पेटतंय ते लाकूड!’’

धाकलू हातातलं लाकूड घेऊन तसाच उभा राहिला. चढाची गाडी त्याने आयुष्यभर मागून पाहिली होती, आणि तरी ही गोष्ट इतके दिवस त्याला उलटी दिसत होती. इंजिन जाळ होता. विटा म्हणजे डबे, भरलेले डबे. काल संध्याकाळी त्याने जादा बँकर लावले नव्हते. आधीच्या गाडीला मागून अर्धी मालगाडी जोडून ठेवली होती, आणि आता एकट्या इंजिनाकडून ती घाटावर चढायची वाट बघत होता.

‘‘डबे सोडायला लागतील,’’ तो म्हणाला.

‘‘कसले डबे?’’

उत्तर द्यायला धाकलू थांबला नाही. त्याने लांब सांडशी आणि फावडं घेतलं, दार उघडलं, आणि आतली दुहेरी भिंत काढायला लागला. विटा आत लावायला सोप्या होत्या. जळत्या निखाऱ्यांवरून काढायला नव्हत्या. एक अंगणात पडली आणि सुक्या पानांतून धूर निघाला. ती त्याने पायाने दाबली आणि चप्पल खराब केली. पाठीवरचे दोन थर राखेसकट खाली ओढले. सुलेमान खोकत, शिव्या देत विटा बाजूला सारत होता. दोघेही एकमेकांना ‘‘सावकाश’’ म्हणत होते आणि कुणीच सावकाश करत नव्हतं.

जयवंता आली ती थेट ट्रे उचलायला लागली.

‘‘अगं, कुठं नेतेस?’’ धाकलू ओरडला.

‘‘मागच्या ओट्यावर. तिथं ऊन नाय, गार हाय. इथं जाळाशी ठेवून फुगतंय म्हनून वरडताय! भाकरीचं पीठ तरी कुनी चुलीम्होरं ठेवतं का?’’ पहिला ट्रे गेला, दुसरा गेला. तिने वर ओली फडकी टाकली. जानेवारीतल्या सकाळचा गारवा मैद्याला लागला आणि त्याची घाई कमी झाली.

इकडे हलका झालेला ड्रम आता भराभर तापू लागला. आतल्या विटा आधी काळ्या झाल्या, मग काजळी जळून पांढरट दिसू लागल्या. निखारे ओढले. दार लावलं. आणि आता धाकलूच म्हणाला, ‘‘थांब जरा. दोनी अंगांना सारखं होऊ दे.’’

सुलेमानने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि थांबला. चिमूट टाकली. तांबूस.

पहिल्या घाण्याच्या कडा करपल्या. सुलेमानने त्या लाद्या कोंबड्यांपुढे टाकल्या. दुसरा चांगला निघाला. तिसरा त्याहून चांगला. चौथ्याला उष्णता खरंच कमी पडली, धाकलूचा कालचा हिशोब तेवढा खरा होता. तो जरा फिका राहिला, पण शिजला. टेंपो दाराशी येऊन उभा होता. मुझम्मिलने वडिलांचा अवतार बघितला, मग ट्रेमधल्या लाद्या बघितल्या. ‘‘बसा अब्बा,’’ एवढंच म्हणाला, आणि सीटवर टॉवेल अंथरला.

धाकलूला लगेच जाता आलं नाही. अंगणभर तापलेल्या विटा, पाचोळा, निखारे. सोडून जाणं शक्य नव्हतं. शिवाय जयवंता हंडा घेऊन उभी होती. ‘‘बसवा. मला न्हायचंय. लग्नाला अशी राखेची येऊ?’’ त्याने पाठीवरचा उरलेला थर उतरवला, हंडा बसवला. ड्रमात जाळ नव्हता, पण आतल्या विटांनी पाणी तापवून दिलं. बाकीच्या विटा त्याने संध्याकाळी काढून प्रवीणच्या ढिगाला लावल्या. प्रवीणच्या नव्या खोलीच्या एका भिंतीत आज काही विटा काळ्या आहेत. गिलावा झाल्यावर दिसणार नाहीत, असं तो म्हणतो.

दोघं दहिवलीच्या हॉलवर पोचली तेव्हा पंगती उठत आल्या होत्या. अमिरुन्निसा दाराशीच भेटली. काय झालं ते तिने उभ्या उभ्या सांगितलं. यांनी शेरवानी घातली, पण मनगटावरचा मैदा तसाच राहिला. पहिली लादी अफरीनच्या अब्बांपुढे ठेवली आणि मोडून दिली. व्याह्यांनी खाल्ली, आणखी मागितली. मग त्यांच्या भावाने मागितली. मग बायकांकडून निरोप आला. ‘‘आनि भावजी, उरलेल्या लाद्या अफरीनच्या अम्मीनं दुपट्ट्यात बांधून घेतल्या. रस्त्यात पोरांना हव्यात म्हने. मी नाय कशी म्हनू?’’

‘‘म्हंजी संपला?’’

‘‘सगला.’’

धाकलू आणि जयवंताला ताटं मिळाली. मटणाच्या रश्शाबरोबर मुझम्मिलने मागवलेला बाजारचा पाव होता. धाकलूने तुकडा मोडला, बुडवला, खाल्ला. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही असं ठरवलेल्या माणसाचा चेहरा.

‘‘ह्यो बी चांगलाय की,’’ जयवंता म्हणाली.

शेवटचे पाहुणे पोचवून सुलेमान आला आणि शेजारच्या खुर्चीत टेकला. तो दमला होता आणि खूश होता. त्याने धाकलूच्या पाठीवर थाप मारली. मग त्याने खाली वाकून हळूच विचारलं, ‘‘कसा झालता रं?’’

‘‘काय?’’

‘‘पाव.’’

‘‘मला काय इचारतोस? तू मोडलास ना?’’

‘‘मोडला. मोडून दिला. व्याह्याच्या म्होरं बसून मी खाऊ? मंग म्हनलं पाहुने गेल्यावर बघू, तर…’’ सुलेमानने दुपट्टा बांधल्यासारखे हात केले. ‘‘तू तर घरी चाखला असशील.’’

‘‘तूच म्हनला व्हतास ना, पह्यला घास व्याह्याचा!’’



‘‘बरा झालता,’’ जयवंता रस्सा पुसत म्हणाली.

दोन्ही माणसं तिच्याकडे वळली.

‘‘एक लादी ट्रेला चिकटून फाटली व्हती. तुमी दोगं टेंपोत ट्रे चढवीत व्हता तवा मी चहाबरोबर खाल्ली.’’

‘‘पाहुन्यांच्या आधी?’’ सुलेमानने विचारलं.

‘‘मला सकालपासून कुनी चहा इचारला व्हता का?’’

सुलेमानने खुर्ची तिच्या बाजूला ओढली. ‘‘वैनी, वरची साल कशी व्हती? मऊ का कडक?’’

‘‘आनि बुडाला?’’ धाकलूने ताट बाजूला सारलं. ‘‘बुडाला करपल्याचा वास व्हता का?’’

‘‘आतून जाळी पडली व्हती? बोटानं दाबल्यावर परत वर यायचा?’’

जयवंताने हातातला घास ताटात ठेवला, पदराने तोंड पुसलं आणि तो पाव दोघांना पहिल्यापासून सांगायला घेतला.